चालता ठेवलेला ट्रक

बीडहून पश्चिमेला निघाले की आष्टी आणि कडा ओलांडून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर नगर लागते, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तिथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जुन्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून आपल्या विजयंतपर्यंत आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंत रणगाड्यांची रांग लावलेली आहे. १९९४ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय नावातच रणगाड्यांचे असल्याने तिथे ट्रकांचा तोरा नाही, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण रणगाड्याला रोज इंधन लागते, गोळे लागतात, आतल्या माणसांना जेवण-पाणी लागते. हे सगळे वाहून आणणारा ट्रक आपल्याकडे कुठेच फारसा जपलेला दिसत नाही. चौकात उभी करायला तोफ मिळते, कॉलेजच्या आवारात रणगाडा किंवा जुने लढाऊ विमान येते. ट्रक निवृत्त झाला की लिलावात जातो, तिथून कुणाच्या तरी खडी-मुरमाच्या धंद्यात आणि शेवटी गॅस कटरखाली. जगात अनेक ठिकाणी असे ट्रक विकत घेऊन, दुरुस्त करून रस्त्यावर चालवण्याचा छंद रुजलेला आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९६८ मध्ये आणि अमेरिकेत १९७६ मध्ये संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे मात्र जुन्या गाडीचा शौक म्हणजे संस्थानिकांची मोटार आणि फार तर डिस्पोजलची जीप. माझे म्हणणे असे की लष्करी ट्रक हा मराठवाड्यासारख्या भागाच्या इतिहासाचा खरा साक्षीदार आहे, तो उभा ठेवून जपता येत नाही, चालता ठेवूनच जपावा लागतो, आणि हे काम हौशी माणसांनी करायचे तर आजचे नियम नेमके त्याच गाडीला दाराबाहेर ठेवतात.

साक्षीदार म्हणतो तो कशाच्या आधारावर? दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली. त्यांत फोर्ड आणि शेवरोले या दोन कंपन्यांनी एकाच ठरावीक नमुन्यावर बांधलेल्या ट्रकांचा वाटा फार मोठा होता. बसक्या नाकाचा, इंजिनवरच जवळजवळ केबिन चढवलेला, जहाजात कमी जागा घेणारा हा ट्रक सुट्या भागांच्या पेट्यांत भरून मुंबईला यायचा. जनरल मोटर्सने मुंबईत १९२८ मध्येच गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता, फोर्डही नंतर आली होती. युद्धकाळात या दोन्ही कारखान्यांत लष्करासाठी ट्रक जोडले गेले. म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर धावलेल्या कित्येक ट्रकांवर मुंबईच्या कामगारांचे हात फिरलेले होते. युद्ध संपले तेव्हा हजारो गाड्या देशात पडून राहिल्या. काही लष्कराने ठेवल्या, बाकीच्या 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या तेव्हा त्यांच्याकडची वाहने मुख्यतः याच पिढीतली होती, कारण स्वतंत्र भारताने स्वतःचा लष्करी ट्रक अजून बनवलाच नव्हता. १३ तारखेला सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने मुख्य फौज निघाली, दुसऱ्या फौजा औरंगाबादच्या रोखाने आल्या आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. बीड जिल्हा तेव्हा त्याच संस्थानाचा भाग होता. मुक्तिसंग्राम दिनाला आपण हुतात्म्यांची नावे घेतो, घेतलीच पाहिजेत. पण चार-पाच दिवसांत एवढा मुलूख पालथा घालणे माणसे आणि सामान चाकांवर असल्याशिवाय शक्य नव्हते, हे त्या इतिहासातले साधे गणित आहे. त्याच वर्षी १ जूनला पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. मोटार नावाची गोष्ट या भागातल्या सामान्य माणसाच्या आयुष्यात शिरली ती याच सुमारास, आणि तिच्या मागे युद्धातून उरलेल्या गाड्यांचा, त्या गाड्यांवर तयार झालेल्या ड्रायव्हर-फिटरांचा मोठा हात होता.

पुढची पिढी जबलपूरची. एम.ए.एन. या जर्मन कंपनीच्या परवान्याने 'शक्तिमान' ट्रक १९५९ पासून तिथे बनू लागला तो १९९६ पर्यंत. चारही चाकांना ताकद देणारा, जाड पत्र्याचा, दिसायला ओबडधोबड असा हा ट्रक लष्करात 'थ्री टनर' म्हणून ओळखला गेला. त्याच्या जोडीला निसानच्या परवान्यावरचा वन टन आणि जोंगा. जोंगाला सहा सिलिंडरचे ३,९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन, म्हणजे तेल पिण्यात हत्ती. त्यामुळे लिलावातून बाहेर आलेल्या कित्येक जोंगांची पेट्रोल इंजिने काढून मालकांनी डिझेल बसवले. १९६५ आणि १९७१ ची युद्धे, सीमेवरचे रस्ते, पूर आणि भूकंप या सगळ्यांत हीच मंडळी राबली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरले आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत लष्कर मदतीला आले, तेव्हाही शक्तिमान आणि निसान हेच लष्कराचे नेहमीचे ट्रक होते. युद्धाचे यंत्र म्हणून ज्याच्याकडे पाहायचे, ते मराठवाड्याने ढिगाऱ्याशेजारी उभे असलेलेही पाहिले आहे.

आता मुख्य मुद्दा, चालते ठेवण्याचा. रणगाडा चौथऱ्यावर ठेवला तरी त्याच्याबद्दल बरेच कळते. चिलखताची जाडी, तोफेचा व्यास, बुरुजाचा उतार डोळ्यांना दिसतो. ट्रकचे सगळे ज्ञान त्याच्या चालण्यात असते. कॅनडाच्या त्या ट्रकांचा गिअरबॉक्स घ्या. आजच्या गाडीत गिअर बदलताना दोन दातेरी चाकांचे वेग जुळवून देणारी पितळी कडी असते. तिथे ती नाही. ड्रायव्हरने क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर अॅक्सिलरेटरला हलका टोला देऊन इंजिनाचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर सरकवायचा. याला आपले जुने ड्रायव्हर 'डबल क्लच' म्हणतात. वेग जुळला तर दांडा लोण्यातून गेल्यासारखा बसतो, नाही जुळला तर खालून दात खाल्ल्याचा आवाज येतो आणि अख्ख्या रस्त्याला कळते. हे पुस्तकात लिहिता येते, मी आताच लिहिले, पण ते येते फक्त हातापायांना. धारूरच्या घाटासारख्या वळणावळणाच्या उतारावर भरलेली गाडी कोणत्या गिअरमध्ये सोडायची याचा निर्णय उतार सुरू होण्याआधी घ्यावा लागतो. मध्येच गिअर सुटला आणि पुन्हा बसला नाही, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. चारचाकी ताकदीचेही तसेच. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. चिखलात हा फरक चाक घसरून भरून निघतो, डांबरावर भरून निघत नाही, आणि पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पीळ देत राहतात. म्हणून कडक रस्त्यावर पुढच्या चाकांची ताकद तोडायची, हा या गाड्यांचा पहिला धडा. लष्करी ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग का असतो आणि त्यावर छोटा दिवा का सोडलेला असतो, हेही ताफा रात्री चालल्याशिवाय उमगत नाही. हेडलाइट बंद ठेवून चालणाऱ्या ताफ्यात मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीचा तो पांढरा ठिपका तेवढा दिसतो, वरून विमानाला दिसत नाही.

शिवाय उभी गाडी टिकते हा समजही खरा नाही. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, तो सिलिंडरच्या तळाशी बसतो आणि तिथे गंजाचे खड्डे पडतात. तेल फिरले नाही की रबरी सील वाळून चिरतात. पिस्टनच्या रिंगा बोअरला चिकटतात. टायर एकाच जागी भार घेऊन चपटा होतो. बाहेरून रंगवून चकचकीत केलेला आणि आतून पार बसलेला असा ट्रक म्हणजे पत्र्याचा पुतळा. महिन्यातून एकदा इंजिन पुरते तापेपर्यंत चालवणे हा त्याच्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज आहे. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना आता एक नवे दुखणे जडले आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे कुरतडते, त्यामुळे ते इथेनॉल सोसणाऱ्या नव्या मालाचे करून घ्यावे लागतात. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून येते, आणि तो ऊस तोडायला माणसे जातात बीडमधून. योगायोग म्हणायचा तर हा असा.

उसाचा विषय निघालाच आहे तर बीडचे या छंदाशी काय नाते, तेही सांगतो. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुकादमाने उचल दिलेली असते, कोयते ठरलेले असतात आणि सगळा हंगाम ट्रक-ट्रॅक्टरच्या चाकांवर अवलंबून असतो. गाळपाच्या दिवसांत गाडी दोन दिवस गॅरेजला पडली तर अख्खी टोळी बसून राहते. त्यामुळे या भागातल्या फिटरला कंपनीचा सुटा भाग येईपर्यंत थांबणे परवडत नाही. तुटलेला पाटा दुसऱ्या गाडीच्या पाट्यातून कापून बसवणे, झिजलेली पिन लेथवर नव्याने ओढून घेणे, बेअरिंग नावाने न मागता त्यावर कोरलेल्या नंबराने शोधणे, तडकलेले हौजिंग वेल्डिंगने सांधणे, ही त्याची रोजची कामे. जुना लष्करी ट्रक दुरुस्त करायला लागणारे कौशल्य हेच आहे. शक्तिमानचा नवा भाग बाजारात मिळेलच असे नाही, पण त्यातले बेअरिंग, सील, नोझल, ब्रेकची रबरे यांची मापे ठरावीक असतात आणि माप घेऊन जुळणारा माल शोधणारा माणूस बीडमध्ये, माजलगावात, परळीत सापडतो. पुण्या-मुंबईतल्या झकपक वर्कशॉपला हे जमणार नाही असे नाही, पण तिथे गाडी संगणकाला जोडून दोष शोधायची सवय लागली आहे, आणि शक्तिमानला संगणक जोडायला जागाच नाही. तरुण पोरे संगणकावरचे काम शिकत आहेत, ते योग्यच. मात्र लेथवर बसून माप काढणारी पिढी उतरणीला लागली आहे. लष्करी ट्रकचा छंद या पिढीला काम देऊ शकतो, आणि तिचे ज्ञान पुढे सरकवण्याचे निमित्तही.

इथे जाणकार संग्राहक एक हरकत घेतील. ते म्हणतील, असा जुगाड करून गाडी जपली तर मूळ काय राहिले? मोटारींच्या शौकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळणे फार मोलाचे मानतात. लष्करी ट्रकला ही कसोटी लावणे मला चूक वाटते. लष्करात गाडी दुरुस्त होते ती अख्खे भाग बदलत. बेस वर्कशॉपमध्ये थकलेले इंजिन काढून ओव्हरहॉल केलेले दुसरे इंजिन बसते, काढलेले इंजिन दुरुस्त होऊन तिसऱ्याच ट्रकमध्ये जाते. म्हणून ज्या ट्रकने वीस-पंचवीस वर्षे इमानाने नोकरी केली, त्याचे नंबर जुळण्याची शक्यता सर्वांत कमी. जुळले तर उलट शंका घ्यावी, की हा डेपोतच पडून होता काय. त्याच्या अस्सलपणाचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो. लष्करी नंबरातल्या बाणाच्या खुणेनंतर येणारे दोन आकडे गाडी कोणत्या साली दाखल झाली ते सांगतात. केबिनवरची प्लेट, रिव्हेट मारून बंद केलेली भोके, आणि रंगाचे थर. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासत गेले की वरच्या रंगाखाली जुन्या पलटणीची खूण, पुलावरच्या वजनमर्यादेचा आकडा, कधी वाळवंटी रंगाचा पट्टा उघडा पडतो. हौशी माणूस उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सगळा रंग खरवडून टाकतो आणि गाडीची कागदपत्रे स्वतःच्या हाताने फाडतो. लिलावानंतरच्या आयुष्याचेही तसेच. एखाद्या जुन्या ट्रकवर गावातल्या सुताराने लाकडी हौदा चढवला असेल आणि तो चाळीस वर्षे कडबा वाहत असेल, तर तो हौदा उचकटून लष्करी ताडपत्री आणि कमानी चढवणे म्हणजे जीर्णोद्धार झाला की इतिहास पुसला गेला, याचे एकच उत्तर नाही. माझा कल हौदा ठेवण्याकडे आहे.

दुरुस्तीच्या धोक्यांबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण हौस जिवावर बेतू शकते. महायुद्धकालीन बऱ्याच ट्रकांची चाके दोन अर्ध्या भागांची असतात आणि ते भाग नटांनी एकत्र आवळलेले असतात. चाक गाडीला धरणारे नट वेगळे, दोन अर्धे जोडणारे वेगळे. हवा न सोडता दुसरे नट ढिले केले तर चाक बॉम्बसारखे फुटते. म्हणूनच ते नट लाल रंगवून ठेवण्याची पद्धत होती. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता मोठ्या हरकती. पहिली पैशाची: दुष्काळ आणि कर्ज ज्या जिल्ह्याला नवे नाहीत, तिथे जुन्या ट्रकांवर पैसा घालण्याची भाषा शोभते का? हा छंद श्रीमंताचा झाला तर शोभणार नाही. पण संस्थानी मोटारीला क्रोम, चामडे, परदेशी सुटे भाग लागतात आणि पैसा बाहेर जातो. ट्रकला लागते ती मजुरी, आणि ती इथल्याच लेथवाल्याच्या, वेल्डरच्या, सुताराच्या खिशात जाते. चार-पाच मित्रांनी किंवा एखाद्या आयटीआयने मिळून एक ट्रक घेतला, तर मुलांना शिकायला जिवंत यंत्र मिळते. काच लावलेल्या कपाटातल्या कापलेल्या इंजिनापेक्षा ते बरे. दुसरी हरकत युद्धाच्या उदात्तीकरणाची. ती मी हलकी मानत नाही. परदेशातल्या अशा मेळाव्यांत गाडीबरोबर गणवेश, नकली बंदुका आणि सैनिकी रुबाब येतो, आणि मग खेळ कुठे संपतो ते कळेनासे होते. ट्रकच्या बाबतीत मात्र यावर उतारा ट्रकमध्येच आहे. तो मुळात हमालीचे यंत्र आहे. अमेरिकन लष्कराने १९१९ मध्ये ८१ वाहनांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला नेला, त्याला ६२ दिवस लागले. त्या प्रवासातून जगाला कळले ते हे की देशाचे रस्ते किती वाईट आहेत. त्या ताफ्यात असलेला आयझेनहॉवर नावाचा तरुण अधिकारी पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने महामार्गांचे जाळे उभारायला घेतले. तिसरी हरकत धुराची. जुने इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडते, यात वाद नाही. पण वर्षातून थोडेच किलोमीटर चालणाऱ्या मूठभर ट्रकांचा धूर आणि रोज भरून धावणाऱ्या नादुरुस्त मालमोटारींचा धूर एकाच तराजूत टाकता येत नाही. त्यावर बंधन हवे तर ते चालवण्याच्या दिवसांवर घालावे.

तसे बंधन घालणारा नियम आहेच, आणि अडचण तिथेच आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची पद्धत आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई, प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि तेल भरण्यापुरते रस्त्यावर येण्याची मुभा. नियम समंजस आहे. फक्त तो दुचाकींना आणि खासगी वापराच्या प्रवासी चारचाकींना लागू आहे, मालवाहू गाडीला नाही. म्हणजे जीप बसते, तिच्यामागून चालणारा ट्रक बसत नाही. शिवाय पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या साठाव्या कलमाखाली लष्करच करते, आरटीओचा नंबर मिळतो तो लिलावानंतर. मग १९६८ चा शक्तिमान १९९० मध्ये लिलावात निघाला असेल, तर त्याचे वय कुठून धरायचे? रंगाचा पेच तर गमतीचा आहे: केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ देत नाही. मूळ रूप जपायचे, पण मूळ रंग लावायचा नाही. या बंदीमागे सुरक्षेचे कारण आहे आणि ते रास्त आहे, लष्करी रंगाची खोटी गाडी छावणीच्या फाटकाशी येऊ नये हे कुणालाही पटेल. दरम्यान १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपून ती भंगार केंद्राकडे जाऊ लागली आहेत. लष्कराच्या चिलखती आणि विशेष कामाच्या गाड्या त्यातून वगळल्या आहेत. पण एकूण वारे कापून वितळवण्याच्या बाजूचे आहे, आणि उरलेले शक्तिमान हातातून निसटायला फार वर्षे लागणार नाहीत.

यावर तोडगा फार लांबचा नाही. व्हिंटेजच्या व्याख्येत मालवाहू गाडीचा समावेश करावा, वय लष्करी नोंदणीपासून मोजावे, आणि 'व्हीए' नंबर असलेल्या गाडीला मूळ रंगाची परवानगी स्वतंत्र तपासणीनंतर द्यावी, बाण आणि पलटणीच्या खुणा रस्त्यावर झाकण्याच्या अटीवर. तपासणी कोण करणार, हा प्रश्न विचारला जाईल. नगरजवळ संरक्षण संशोधन संघटनेची वाहन प्रयोगशाळा आहे, व्हीआरडीई. तिचे मूळ १९२९ मध्ये चकलाला इथे सुरू झालेल्या लष्करी मोटारींच्या तपासणी विभागात आहे आणि १९४७ मध्ये ती नगरला आली. नव्या वाहनांना बाजारात येण्याआधी ज्या संस्थांचे प्रमाणपत्र लागते, त्यांच्या यादीत तिचे नाव नियमांतच लिहिलेले आहे. जुन्या लष्करी ट्रकचे ब्रेक, स्टिअरिंग, चाके आणि अस्सलपणा पाहून दाखला द्यायला तिच्याइतकी योग्य जागा देशात क्वचितच असेल, आणि बीडच्या गॅरेजमधून निघालेला ट्रक तिथवर दिवसाउजेडी, स्वतःच्या चाकांवर जाऊ शकतो.